मागची चाकं

यंदा नोव्हेंबरात आमची मोठी गाडी एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक सरकारी तपासणीला, नापास झाली. खालून इतकी गंजली होती की दुरुस्तीत अर्थ नव्हता. आमची मुलगी रीडिंगला असते. ती फोनवर म्हणाली, बाबा, घाईनं दुसरी घेऊ नका, आधी तुमच्या डोळ्यांचं काय ते ठरू दे. तिचं म्हणणं बरोबर होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हिवाळा दिवसाउजेडी गाडी चालवा, पण त्यानंतर लायसन्स राहील असं धरून चालू नका. तेव्हा घरात उरली ती गॅरेजमध्ये चादरीखाली झाकलेली दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. कापडी टपाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना देणारी. अशी गाडी लोक उन्हाळ्यातल्या रविवारसाठी ठेवतात. सत्तरी ओलांडलेल्या आम्ही दोघांनी तिच्यातून अख्खा हिवाळा काढायचं ठरवलं, कारण मिल्टन कीन्समध्ये गाडी नसेल तर दूध आणायचाही बेत आखावा लागतो.

शिवाय गुरुवारचा प्रश्न होता. दर गुरुवारी आम्ही लेस्टरजवळच्या एका केअर होममध्ये जातो. तिथे माझ्या बायकोची मैत्रीण राहते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दोघींनी उमेदीची सगळी वर्षं शेजारशेजारच्या बाकावर काढली. या मैत्रिणीची स्मृती हळूहळू विरत चालली आहे, आणि जाताना तिनं आधी इंग्रजी नेलं. आता तिला फक्त मराठी येतं. तिथल्या बायका मायाळू आहेत, एक-दोघी गुजरातीही बोलतात, पण तिच्याशी मराठीत बोलायला आठवड्यातून एकदा फक्त माझी बायको येते. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. फोनवरचा आवाज त्याचा आहे हे आता तिला पटत नाही. ट्रेननं जायचं तर गाड्या बदलत अर्धा दिवस जातो आणि स्टेशनपासून पुढे त्या गावापर्यंत बस नाही. मी गाडी चालवणं थांबवलं की गुरुवार थांबणार, हे आम्हां दोघांना न बोलता कळत होतं.

बायकोकडे लायसन्स आहे. ती ते वेळच्या वेळी नवं करून घेते. पण गेली आठ-नऊ वर्षं तिनं स्टीअरिंगला हात लावलेला नाही. तिनं का लावला नाही याची एक गोष्ट आमच्या मराठी मंडळात सांगितली जाते. ती गोष्ट खरी नाही. खरं काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली दुरुस्ती ही, की गाडी तिची आहे. लोक माझी समजतात आणि मी त्यांना समजू देत आलो. निवृत्त झाल्यावर ती म्हणाली होती, आयुष्यभर ट्यूबलाइटखाली बसले, आता टप उघडणारी गाडी घेणार. मंडळातल्या लोकांनी विचारलं, पाहुण्यांना कुठे बसवणार? ती म्हणाली, पाहुणे बसनं येतील. दोन उन्हाळे ती डोक्याला रुमाल बांधून हिंडली. भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायची. मी शेजारी बसलो की म्हणायची, तुम्ही उगाच पायानं ब्रेक दाबू नका, तुमच्याकडे ब्रेक नाही.

मग एका जानेवारीत, सकाळी, ती आणि तीच मैत्रीण लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर खरेदीला निघाल्या. घरापासून तिसऱ्या राउंडअबाउटवर, गोल चौकात, गाडीची मागची बाजू सुटली. गाडी गर्रकन फिरली आणि मधल्या गवतावर, आली त्या दिशेला तोंड करून थांबली. कुणाला काही लागलं नाही. गाडीच्या एका रिमला कडेच्या दगडाचा ओरखडा आला, आणि डिकीतलं तांदळाचं पोतं फुटलं.

तांदळाचं सांगायला हवं. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून रीत होती, की नोव्हेंबर लागला की वीस किलोचं तांदळाचं पोतं डिकीत ठेवायचं. मागे वजन असलं की चाकं रस्ता धरतात. आमच्या आधी आलेल्यांच्या जुन्या गाड्या मागच्या चाकांवर चालत, त्यांनी ही रीत पाडली असावी. पुढे गाड्या बदलल्या, सगळ्या पुढच्या चाकांवर चालू लागल्या, तरी पोतं डिकीतच राहिलं. मार्च आला की ते घरात घ्यायचं आणि खायचं. मुलं लहान असताना कुरकुर करायची की या भाताला बुटांचा वास येतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, तरी त्या रीतीचा हिशेब मीही कधी मांडला नाही. बायकोच्या गाडीत पोतं मीच ठेवलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्याकडे हळदीकुंकवाला पुरुषही येतात, हॉलच्या मागच्या बाजूला चहाच्या टाकीजवळ उभे राहतात. तिथे कुणीतरी विचारलं, काय झालं हो परवा? मी म्हटलं, काही नाही, आमच्या सौभाग्यवतींनी राउंडअबाउटला प्रदक्षिणा घातली आणि वर अक्षताही टाकल्या. हॉलभर हशा झाला. बायकोही हसली, हातात वाणाची वाटी धरून. तेव्हापासून कुणी भेटलं की, वहिनी, आज किती प्रदक्षिणा? ती हसून उत्तर द्यायची. पण त्या दिवसानंतर किल्ली तिनं माझ्या हुकाला अडकवली ती कायमची. मग बसस्टॉपवर उभी राहायला लागली.

यंदा डिसेंबरात मी तिची गाडी रोज चालवायला लागलो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या गाडीविषयी मला काहीच माहीत नव्हतं.

सकाळी कापडी टप हिमानं कडक होतो, पापडासारखा. त्याला खरवडणी लावता येत नाही, मऊ ब्रशनं झाडावं लागतं. काच बाहेरून साफ केली की आतूनही बर्फ धरलेला असतो, कारण ओल्या बुटांची वाफ इवल्याशा जागेत कोंडते. बायकोनं जुन्या मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून तो डॅशबोर्डवर ठेवला, आणि थोडा फरक पडला असं आम्ही ठरवलं. हीटर मात्र नवल आहे. जागाच एवढीशी, की गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत रजईत बसल्यासारखं वाटतं. आत शिरायचं तर आधी बैठक टेकायची, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा. बायको म्हणाली, हे गाडीत बसणं नव्हे, पाटावर बसणं आहे, आणि उठताना यजमानानं हात द्यायला पाहिजे. एम-वन मोटरवेवर शेजारून ट्रक जातो तेव्हा त्याच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर फिरताना दिसतात. ट्रकचं मिठाचं पाणी काचेवर येतं, वायपर ते पुसतात, पुन्हा येतं. रस्त्यावर टाकलेलं ते मीठ गाडीला खालून खातं म्हणून मी दर शनिवारी पाइप घेऊन तिचं पोट धुतो. शेजारचे इंग्रज गृहस्थ कुंपणापलीकडून विचारतात, अजून चालवताय? मी हो म्हणतो. ते मान हलवतात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे गाडीचं मागून बोलणं. मी जन्मभर चालवल्या त्या गाड्या पुढून ओढत नेणाऱ्या. त्या घसरल्या तर आधी हाताला कळतं, स्टीअरिंग हलकं पडतं. ही मागून ढकलते. दहिवर गोठलेल्या सकाळी वळणावर जरा लवकर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर खबर हाताला येत नाही, कमरेला येते. सीट एका बाजूला किंचित सरकल्यासारखी वाटते, झोपेत कुणी पांघरूण ओढावं तशी. पाय हळूच सैल सोडला की ती परत जागेवर येते. दुसऱ्या गिअरमध्ये निघालं की चाक गुरगुरत नाही. वळण पूर्ण होईपर्यंत काही मागायचं नाही, मग मागायचं. हिवाळी टायर मी चारही चाकांना घातले होते, आणि ते घातल्यावर गाडी इतकी शहाणी वागत होती, की एकेकदा मी रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम तिला डिवचून बघायचो. ती खोडी काढू देत नसे.

तिचा हा शहाणपणा मला आवडत होता आणि सहनही होत नव्हता. कारण मंडळातली गोष्ट अशी होती की ही गाडीच बेभरवशाची, आणि वहिनींना ती झेपली नाही.

केअर होममध्ये मैत्रिणीची खुर्ची खिडकीशी असते. आम्ही गाडीतून धडपडत बाहेर येतो ते ती बघते. दर गुरुवारी ती बायकोला विचारायची, तीच ना गं ही, आपल्याला गोल फिरवणारी? बायको हो म्हणायची आणि विषय बदलायची. लॅबमधला कुठला डॉक्टर कसा शिंकायचा, कुणाच्या डब्यात रोज कारलं असायचं, असं काहीबाही दोघी बोलायच्या. मी पेपर वाचायचो.

नाताळच्या आधीच्या गुरुवारी ती गाडीकडे बघून आपण होऊन बोलायला लागली.

"किती हळू चालवत होतीस तू त्या दिवशी. मला वाटलं उतरून चालत जावं, आधी पोहोचेन. तुला म्हटलंसुद्धा मी, गोगलगाय बरी."

"म्हणाली होतीस?" बायकोनं विचारलं.

"म्हणाले की. तू म्हणालीस, बर्फ आहे, गप्प बस. आणि मग फिरली." तिनं हवेत बोट गोल फिरवलं. "पाळण्यात बसल्यासारखं. परत बसू या एकदा."

मग तिनं मला विचारलं की भाऊजी, तुम्ही लॅबमध्ये नवीन लागलात का.

परतीच्या वाटेवर, मोटरवे सोडल्यावर, बायको म्हणाली, "तिला काय आठवतं आणि काय नाही याचा भरवसा नाही. पण मला वाटतं मी हळूच होते. होते ना हो?"

"बर्फावर हळू म्हणजे किती हळू, ते सांगणं कठीण," मी म्हणालो.

इतकी वर्षं मी खोटं बोललो असं मला कधी वाटलं नव्हतं. मी फक्त एक विनोद केला होता. त्या दिवशी मात्र तिनं सरळ प्रश्न विचारला होता आणि मी इंजिनिअरसारखं उत्तर देऊन तो मोडून काढला होता.

खरी गोष्ट अशी. त्या अपघाताआधीच्या रविवारी मी तिच्या गाडीचे दोन टायर बदलले होते. दोन नवे, दोन जुने. जुने कायद्यात बसतील इतपत, पण झिजलेले. जॅक, पाना, सगळं माझ्याकडे आहे, असली कामं मी बाहेर देत नाही. नवे मी पुढे लावले. का, तर वळतात ती पुढची चाकं, ब्रेकचा जोर येतो तो पुढच्या चाकांवर, आणि माझ्या गाडीला मी नेहमी असंच करत आलो होतो. मागच्या चाकांवर चालणारी गाडी समोर उभी असताना मी विचार केला तो माझ्या गाडीचा. मागे झिजलेले टायर आणि त्यांच्याही मागे, अ‍ॅक्सलच्या पलीकडे, टांगल्यासारखं तांदळाचं पोतं. निघताना तिनं विचारलं होतं, टायर ठीक आहेत ना? मी चहा पीत होतो. म्हटलं, आहेत, परवाच केलेत.

संध्याकाळी गाडी घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन खाली वाकलो आणि मला सगळं कळलं. पुढच्या आठवड्यात, रिमला ओरखडा आलाय या निमित्तानं, चारही चाकं नवी आणली. बायकोला वाटलं मी काळजी घेतोय. जुनी मागची दोन चाकं टायरांसकट शेडमध्ये ठेवली आणि वर गोणपाट टाकलं. ती टाकून का दिली नाहीत हे मला सांगता येणार नाही.

एक सुटकेची वाट मी माझ्यासाठी ठेवली होती. बर्फ होता, त्या जागी कुठलीही गाडी फिरली असती, असं मी स्वतःला सांगत असे. यंदा ते तपासून बघणं शक्य होतं. जानेवारीच्या सुरुवातीला बारीक बर्फ पडला तेव्हा मी शेडमधली ती दोन चाकं काढली. डिकीत ती मावत नाहीत. एक चाक बायकोच्या सीटवर बसवून त्याला बेल्ट लावला, दुसरं त्याच्या पायाशी. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानाचं पार्किंग आमच्याजवळ आहे, मैदानाएवढं, तिथे गेलो.

आधी चांगल्या टायरांवर. दिव्याच्या एका खांबाभोवती, राउंडअबाउटच्या बेतानं, सायकलवाल्याच्या वेगानं फिरलो. गाडी रेघेवरून चालल्यासारखी फिरली. वेग वाढवला, तेव्हा मागची बाजू थोडी सरकली आणि सावरली. डिकीत पोतं ठेवून बघितलं: जागेवरून निघताना चाकं जरा बरी पकडत, पण वळणात मागे कुणीतरी लोंबकळतंय असं जाणवायचं. मग मागे जुनी चाकं चढवली. बोटं बधिर झाली होती, नट हातात राहीनात. त्याच खांबाभोवती, त्याच सायकलवाल्याच्या वेगानं निघालो. पुढच्या चाकांनी वळण घेतलं, मागच्यांना ते जमलं नाही आणि गाडीची पाठ गाडीच्या पुढे निघाली. मी काही करायच्या आत खांब उलट्या बाजूला होता. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आणखी हळू केलं, आणि तरीही.

गोगलगाय बरी, असं मैत्रीण म्हणाली होती. मी गाडी बंद करून बसलो. बर्फावर चाकांच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या, एका ठिकाणी नीट वर्तुळ, दुसऱ्या ठिकाणी गिरगोट्या. इतकी स्वच्छ आकृती मला नोकरीतल्या कुठल्याच चाचणीत मिळाली नव्हती.

पुढच्या गुरुवारी केअर होमच्या पार्किंगमध्ये, बायको दार उघडायच्या आत, मी म्हटलं, "तू हळूच होतीस. मागचे टायर झिजलेले होते. नवे मी पुढे लावले होते."

तिनं दारावरचा हात काढला नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही चहा पीत होतात."

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी."

तिनं जरा हिशेब केला. "म्हणजे हळदीकुंकवाच्या आधी."

"आधी."

माझ्या बायकोचा आवाज चढत नाही, तो सपाट होतो. "चाकं चुकीची लावलीत ते जाऊ दे. माझ्याकडूनही नमुन्यांची अदलाबदल झालीय एकदा. कळलं त्या मिनिटाला मी फोन उचलून डॉक्टरला सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं, कारण तिकडे कुणीतरी चुकीचं औषध घेणार होतं. तुम्ही मात्र हॉलभर माणसं हसवलीत. आणि मग मी बसस्टॉपवर उभी राहायचे तेव्हा वरच्या खिडकीतून हात करायचात."

ती आत गेली. मी पेपर वाचायला गेलो नाही, गाडीतच बसलो. खिडकीत दोघी दिसत होत्या. मैत्रीण काहीतरी सांगत होती, बोट गोल फिरवत होती, आणि माझी बायको मान हलवून ऐकत होती. परत आल्यावर बेल्ट लावताना ती म्हणाली, "शनिवारी हळदीकुंकू आहे. जिथे हसवलंत तिथेच खरं सांगायचं. विनोद न करता."

हॉल तोच होता, चहाची टाकीही तीच. मी पुरुषांच्या घोळक्यात सुरुवात केली, मग आवाज मोठा केला, कारण बायकांना ऐकू जाणं जास्त गरजेचं होतं. टायरांचं सांगितलं, संध्याकाळी टॉर्च घेऊन वाकलो ते सांगितलं, माझी चूक झाकायला प्रदक्षिणेचा विनोद केला ते सांगितलं, पार्किंगमधला प्रयोगही सांगितला. माणसं अवघडली. एक जण म्हणाला, अहो, इतक्या वर्षांनी कुणाच्या लक्षात आहे. जो नेहमी लक्षात ठेवायचा तोच. दुसऱ्यानं तोड काढली, चला, म्हणजे प्रदक्षिणेचं पुण्य आता तुमच्या खात्यात, आणि थोडं हसू फुटलं. बायको हसली नाही.

तेवढ्यात समोर तिळगुळाचा डबा धरून उभी असलेली एक बाई बोलली. आमच्याहून लहान, मुलगी लागेल अशा वयाची, मिल्टन कीन्सला नवीन आली तेव्हा आमच्याकडे जेवायला असायची. ती म्हणाली, "काका, मी त्या वर्षीच गाडी शिकत होते. मग हिवाळ्यात कधी काढलीच नाही. म्हटलं, काकूंसारख्या सावध बाईची गाडी फिरते तर माझं काय. अजून बर्फ पडला की ऑफिसला मला नवरा सोडतो."

एका घराचा हिशेब चुकता करायला मी उभा राहिलो होतो. त्या विनोदानं आणखी किती किल्ल्या हुकांना अडकल्या असतील, हा विचार तोवर माझ्या मनात आलाच नव्हता.

घरी जाताना बायको म्हणाली, "तो तुमचा प्रयोग मला दाखवा."

"सांगितलं ना काय झालं ते."

"सांगितलंत. मला करून बघायचाय. चालवणार मी."

फेब्रुवारीत एका कडक सकाळी आम्ही त्या पार्किंगमध्ये गेलो. यावेळी तिच्या सीटवर चाक बसलेलं असल्यामुळे ती मागून चालत आली, दहा मिनिटांचीच वाट आहे. मला वाटलं होतं ती आधी चांगल्या टायरांवर फिरेल, हात बसवेल. ती म्हणाली, नाही, आधी झिजलेले. मी चाकं बदलली. डिकी उघडून तिनं पोत्याकडे बघितलं. हे कुणी ठेवलं? मी म्हटलं, मी, त्या दिवशीसारखंच असावं म्हणून. मग असू दे, ती म्हणाली.

पाठीशी उशी घेऊन ती बसली. दोन्ही हात तिनं स्टीअरिंगवर घट्ट ठेवले. मी शेजारी. ती निघाली, खरंच गोगलगायीसारखी, आणि खांबाजवळ वळताच गाडी फिरली. तिचे डोळे मिटले होते. उघडले, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाली, "परत." दुसऱ्यांदा तिचे डोळे उघडे होते. तिसऱ्यांदा ती मान कलती करून, लॅबमध्ये कान देऊन यंत्र ऐकावं तशी, मागून काय येतंय ते ऐकत होती. "आत्ता सुटली," ती म्हणाली, आणि त्यानंतर गाडी फिरली. मला कमरेतून जे कळायला महिना लागला होता ते तिला तिसऱ्या फेरीत कळलं.

मग मी चांगली चाकं चढवली आणि पोतं काढून बर्फावर ठेवलं. ती तेवढ्याच वेगानं त्याच खांबाभोवती फिरली. काही झालं नाही. आणखी एकदा फिरली. खांबाभोवती ती इतक्या फेऱ्या मारत राहिली, की मी काहीतरी बोलणार होतो, पण त्या फेऱ्यांना काय म्हणतात हे दोघांनाही माहीत असल्यामुळे गप्प राहिलो.

"बास," शेवटी ती म्हणाली. "कळलं." जुनी चाकं आणि पोतं खांबाशी ठेवून तिनंच गाडी घरी आणली. मला ते सामान आणायला परत पाठवलं.

आता मार्च आहे. डॉक्टरांनी मला लायसन्स परत करायला सांगितलं आणि मी ते केलं. गुरुवारी ती चालवते, मी शेजारी बसतो, आणि माझ्याकडे ब्रेक नाही. पहिल्या गुरुवारी मैत्रिणीनं खिडकीतून तिला उजव्या दारानं बाहेर येताना बघितलं आणि तक्रार केली, किती उशीर, चालत आली असतीस तर आधी आली असतीस.

आमच्यात बोलणं पूर्वीसारखंच होतं. दुधाचं, डोळ्यांच्या थेंबांचं, मुलीच्या फोनचं. एकच फरक आहे. निघायच्या आधी ती मला टायरांविषयी विचारत नाही. कप ठेवायच्या खाचेत तिनं वीस पेन्सचं एक नाणं ठेवलंय. ते घेऊन ती गाडीच्या मागे जाते, एक हात पत्र्यावर टेकून, गुडघे सांभाळत खाली बसते, आणि टायरच्या खाचेत नाणं उभं घालून किती बुडतं ते बघते. आधी मागची दोन चाकं, मग पुढची. टायर नवे आहेत, आणि मी ते सकाळीच बघितलेले असतात. मी तसं सांगत नाही. पाटावर बसल्यासारखा बसून राहतो. ती येते, नाणं परत कपाच्या खाचेत टाकते, आरसा नीट करते आणि निघते.